दुसऱ्या राज्यात गेल्यावर मुलांची शाळा: प्रवेश हक्काचा, पण भाषेचे काय?

ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम किंवा कारखान्यातील कामासाठी तुम्ही दुसऱ्या राज्यात गेलात, तर मुलांची शाळाही बदलते. अशा वेळी शिक्षण दोन ठिकाणी तुटू शकते. एक, प्रवेश घेताना. दुसरे, प्रवेश मिळाल्यावर, वर्गातील भाषा कळत नाही म्हणून. पहिल्या अडचणीवर कायदा ठाम आहे, दुसरीवर मात्र मोघम आहे. म्हणून हक्काने काय मागायचे आणि कशासाठी पाठपुरावा करायचा, हे समजून घ्या.

प्रवेशाबाबत तुमचे हक्क

शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना लागू आहे. त्यानुसार:

• स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे (कलम ९).
• शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आहे (कलम ५).
• जन्मदाखला नाही, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४).
• शाळा मध्येच सुटली असेल, तर मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे (कलम ४). दहा वर्षांच्या मुलाला भाषा येत नाही म्हणून पहिलीत बसवणे या तरतुदीच्या विरुद्ध आहे.

भाषेबाबत कायदा काय म्हणतो?

याच कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम ‘शक्य असेल तेथवर’ मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. राज्यघटनेचे कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे सांगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० देखील किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत, घरची भाषा किंवा स्थानिक भाषा सुचवते. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. शिवाय स्थानिक भाषा हीच तुमच्या मुलाची घरची भाषा असेल, असेही नाही. त्यामुळे प्रत्यक्षात बरेच काही राज्य, महापालिका आणि शाळा यांच्या तयारीवर अवलंबून राहते.

तयारी असेल तर मार्ग निघतो. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवते. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात ‘रोशनी’ उपक्रमात स्थलांतरित मुलांसाठी त्यांची भाषा जाणणारे स्वयंसेवक नेमले गेले. मुलाच्या भाषेचा आधार घेत त्याला मल्याळमकडे नेणे, ही त्यामागची पद्धत. घरची भाषा शाळेत आली की स्थानिक भाषा मागे पडते, ही भीती म्हणूनच अनाठायी आहे.

तुम्ही काय कराल?

१. निघण्यापूर्वी दाखला, गुणपत्रक आणि मुलाचा कायम शिक्षण क्रमांक (पेन) जुन्या शाळेतून घ्या. महाराष्ट्रातून हंगामी कामासाठी जात असाल, तर शिक्षण हमी कार्डाबद्दल विचारा.
२. नव्या गावी तुमच्या माध्यमाची सरकारी शाळा आहे का, याची चौकशी करा.
३. नसेल, तर जवळच्या शाळेत प्रवेश घ्या आणि मुलाची घरची भाषा कोणती, हे शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा.
४. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमच्या भाषेची आणखी मुले असतील, तर त्यांच्या पालकांसह समितीकडे भाषा-साहाय्याची लेखी मागणी करा.
५. प्रवेश नाकारल्यास कारण लेखी मागा आणि स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या (कलम ३२). तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. अर्जाची पोच जपून ठेवा.