विश्लेषण : भेट सर्वांची, पण खाते कोणाचे?

आजींचे सहस्रचंद्रदर्शन महिन्यावर आले आहे. मुले, सुना, लेकी, जावई आणि नातवंडांनी मिळून त्यांना एक चांगली आरामखुर्ची द्यायचे ठरवले. घरे सहा, कोणी पुण्यात, कोणी ठाण्यात, कोणी नाशिकला, तर एक न्यू जर्सीत. तीन दिवस कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंकांचा पाऊस पडतो. अखेर ठाण्याची आत्या म्हणते, ‘माझ्याच खात्यात लॉग-इन करा आणि हवे ते कार्टमध्ये टाका. ओटीपी आला की सांगते.’ असे प्रसंग आज अनेक घरांत घडतात. सोय म्हणून उचललेले हे पाऊल महागात पडू शकते.

कार्ट शेअर करण्यात अडचण काय?

ऑनलाइन दुकानातील कार्ट साधारणपणे एकाच खात्याशी जोडलेली असते. काही ठिकाणी तिची लिंक पाठवता येते, पण ही सोय सर्वत्र नाही. म्हणून मग थेट पासवर्डच दिला जातो. त्या खात्यात मात्र घरचे पत्ते, मोबाइल क्रमांक, जुन्या खरेदीची यादी, वॉलेटमधील शिल्लक असे सगळेच असते. शिवाय कार्टमध्ये टाकली म्हणून वस्तूची किंमत गोठत नाही आणि वस्तू राखूनही ठेवली जात नाही. सोमवारी १८ हजारांना दिसलेली खुर्ची शनिवारी महाग झालेली किंवा संपलेली असू शकते. लागू होते ती पैसे भरतानाची किंमत.

मग काय शेअर करावे?

खाते नव्हे, यादी. ॲमेझॉनसारख्या संकेतस्थळांवर वस्तूंची यादी करून तिची लिंक नातेवाइकांना पाठवता येते. ती इतरांना फक्त पाहता यावी की त्यात बदलही करता यावा, हे यादी करणारा ठरवतो. जिथे अशी सोय नाही, तिथे वस्तूची लिंक, रंग आणि माप एका मेसेजमध्ये लिहिले तरी काम भागते. पसंती तीन वस्तूंपुरती ठेवावी, ग्रुपवर मतदान घ्यावे आणि शेवटची तारीख ठरवावी. त्यानंतर ऑर्डर एकानेच, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या फोनवरून द्यावी. सल्ला सहा घरांनी द्यावा, बटण एकाने दाबावे. नाहीतर बारभाई कारभारात एकाच खुर्चीच्या दोन ऑर्डर जातात.

ओटीपी घरच्यांना सांगितला तर बिघडते कुठे?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना ग्राहकाच्या कार्डचा पूर्ण तपशील साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन वापरले जाते. तरीही पैसे भरताना सहसा ओटीपी लागतोच आणि तो कार्डधारकाच्या मोबाइलवर जातो. त्यामुळे भाचा पुण्याहून फोन करतो आणि आत्या सहा आकडे वाचून दाखवते.

खरे नुकसान या सवयीचे आहे. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे बँका वर्षानुवर्षे बजावत आहेत. घरचे लोक मात्र त्या नियमाला अपवाद जोडतात : ‘आपल्या माणसाला चालतो.’ भामटा नेमका याच फटीतून आत शिरतो. तो कधी कुरिअरवाला असतो, कधी बँकेचा अधिकारी, तर कधी अडचणीत सापडलेला नातेवाईक. दर आठवड्याला फोनवर आकडे वाचून दाखवणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीने खरा फोन कोणता आणि खोटा कोणता, हे कसे ओळखायचे?

पैसे कसे गोळा करावेत?

ऑर्डर देण्याआधी. ‘नंतर देतो’ ही बहुतेकदा बोलाचीच कढी ठरते आणि ज्याने कार्ड वापरले त्याच्यावर आपल्याच माणसांकडे तगादा लावण्याची वेळ येते. एका व्यक्तीला खजिनदार नेमावे आणि बाकीच्यांनी यूपीआयने स्वतःहून पैसे पाठवावेत. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हेही ग्रुपवर लिहून ठेवावे. अमेरिका, ब्रिटन, यूएई, सिंगापूर यांसह काही देशांतील अनिवासी भारतीयांना एनआरई किंवा एनआरओ खाते तेथील मोबाइल क्रमांकाशी जोडून यूपीआय वापरता येते. त्यामुळे न्यू जर्सीच्या घरालाही मागे राहायला नको.

सगळ्यांचा वाटा सारखाच हवा?

१८ हजारांचे सहा भाग, म्हणजे प्रत्येकी तीन हजार. हिशेब सोपा, पण न्याय्य असेलच असे नाही. एका घरी दोन पगार येतात, दुसऱ्या घरी नुकतीच नोकरी गेलेली असते. ग्रुपवर नावापुढे रक्कम आणि हिरवी खूण टाकणारी यादी ही जुन्या आहेराच्या वहीचीच नवी आवृत्ती आहे. फरक इतकाच, की ही वही सगळ्यांसमोर कायम उघडी असते. ज्याला परवडत नाही तो एकतर उसने आणतो किंवा गप्प बसतो. त्यापेक्षा प्रत्येकाने जमेल ती रक्कम खजिनदाराला परस्पर पाठवावी. खजिनदाराने जमलेली एकूण रक्कम आणि बिल तेवढे ग्रुपवर टाकावे. कमी पडले तर स्वस्त खुर्ची घ्यावी. खर्च सगळ्यांना दिसावा, वाटा दिसू नये. भेटीवरच्या चिठ्ठीत मात्र नावे सगळ्यांची असावीत.

वस्तू खराब निघाली तर?

परताव्याची रक्कम सहसा ज्या मार्गाने पैसे भरले तिथेच परत जाते. म्हणून ऑर्डर देणारी व्यक्ती आणि खजिनदार एकच असलेले बरे. वस्तू कार्यक्रमाच्या काही दिवस आधी मागवून उघडून पाहावी, कारण परत करण्याची मुदत अनेकदा थोड्या दिवसांचीच असते. बिल आणि वॉरंटी कार्डाचा फोटो आजींच्या घरीही द्यावा. ई-कॉमर्सविषयक २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली, तर वेळ न दवडता १९३० वर फोन करावा.

खुर्ची कोणाच्या खात्यातून आली, हे आजी विचारणार नाहीत. मात्र उद्या नातवाच्या आवाजात कोणी फोन करून ओटीपी मागितला, तर त्यांना ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. ती सवय लावणे घरच्यांच्याच हातात आहे आणि तिची सुरुवात त्यांनी स्वतः ओटीपी मागणे थांबवण्यापासून होते.