आधी फुंक, मग बोटे

बासरी हे गरिबाचे वाद्य. तार नाही, पडदा नाही, कातडे नाही; वेळूची एक पोकळ नळी आणि तिला सहा-सात छिद्रे. म्हणूनच की काय, ती कोणालाही वाजवता येते असा आपल्याकडे समज आहे. स्नेहसंमेलन पंधरा दिवसांवर आले की चार-दोन जण जत्रेतली बासरी आणतात, एखाद्या चित्रपटगीताची चाल बोटांत बसवतात, टाळ्या घेतात, आणि दुसऱ्या दिवशी बासरी ट्रंकेत जाते. टाळ्यांविषयी माझी तक्रार नाही. पण यालाच आपण वादन म्हणू लागलो आहोत, याचे वाईट वाटते.

वादन सुधारायचे म्हणजे बोटे पळवायची, हा समज मला पटत नाही. हार्मोनियमची पट्टी दाबली की स्वर तयार मिळतो. बासरीत तो तयार नसतोच. बोटे तीच ठेवून फुंक जोराने दिली की स्वर चढतो, ढिली पडली की उतरतो. बासरी ओठाकडे वळवली की उतरतो, बाहेर वळवली की चढतो. थंड बासरी उतरलेली बोलते, श्वासाने ऊन झाली की चढते. साधा शुद्ध मध्यमसुद्धा पहिले छिद्र अर्धे झाकून काढावा लागतो, आणि ते अर्धे म्हणजे नेमके किती, हे बोट नव्हे, कान सांगतो.

मंद्र पंचमाचेच पाहा. वरची तीन छिद्रे झाकली की षड्ज, सहाही झाकली की खालचा पंचम. हा पंचम नवशिक्याला कित्येक दिवस लागत नाही. कुठल्या तरी बोटाखाली केसाएवढी फट राहते. मग तो जोर लावतो आणि स्वर किंचाळत वरच्या सप्तकात उडी घेतो. इथे जोर उपयोगाचा नाही. षड्जावर परत यावे, तो स्थिर धरावा आणि एकेक बोट सैलपणे टेकवत निषाद, धैवत, पंचम असे उतरावे. यात टाळ्या नाहीत. तानपुरा परवडत नाही ही सबबही आता उरली नाही. तो मोबाईलवर फुकट वाजतो.

पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी सुमारे बत्तीस इंचांची लांब बासरी मैफलीत आणली, ती रागाला लागणारा खोल, गंभीर स्वर मिळावा म्हणून. हरिप्रसाद चौरसियांचे वडील पहिलवान. १९५७ साली ते कटकच्या आकाशवाणीवर बासरीवादक म्हणून लागले. पुढे मुंबईत चित्रपटसंगीतात नाव झाल्यावरही ते अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. अन्नपूर्णादेवी सूरबहार वाजवीत, बासरी नव्हे! बोटांची कसरतच शिकायची असती तर त्यांच्याकडे जाण्याचे कारण काय होते?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांचे म्हणणे, बासरी गुराख्याने वाजवावी, बी. ए. होणाऱ्याने पुस्तक वाचावे. त्यांना सिनेमाची चाल ऐकवून काही सिद्ध होणार नाही. मात्र एक षड्ज न हलता ऐकवला, तर ते निदान बसून ऐकतील, अशी मला आशा आहे.

पण तो घोटायचा कुठे? वसतिगृहात स्वर लांबवला की शेजारच्या खोलीतून उशी येते, आणि उशी टाकणाऱ्याचेही चुकत नाही. महाविद्यालयाचे तबला-पेटीचे कपाट संमेलनापुरतेच उघडते. आम्हाला कपाट नको, बक्षीसही नको. सकाळी साडेसहा ते साडेसात एक रिकामा वर्ग हवा. पहिला तास आठाला असतो, तोवर कोणाची अडचण नाही. शिपाईमामा किल्ली द्यायला तयार आहेत. अर्ज दिला आहे; त्यावर प्राचार्य सरांची सही व्हायची आहे.