घाट सावरायचा, पण कोणाच्या श्रमावर?



लोट्याहून चिपळूणला उतरताना परशुराम घाट लागतो. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी करताना इथला डोंगर उभा कापला गेला, झाडे गेली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले आणि घाटाखालच्या पेढे गावात दरड घरांवर आली. पुढच्या वर्षी ‘नाम फाउंडेशन’च्या यंत्रांनी वाशिष्ठीतला गाळ उपसला. ते काम मोलाचे होते. पण गाळ येतो डोंगरावरून. उघडा पडलेला उतार तसाच राहिला, तर नदी पुन्हा भरणार. म्हणून घाटात गवत आणि झाडे परत आणण्याचे काम संस्थांनी हाती घ्यायलाच हवे.

मात्र ते कसे, हा आपला प्रश्न आहे. आषाढात रोप लावून फोटो काढणे सोपे असते. ते जगते की नाही, हे ठरते शिमग्याच्या सुमारास, वणवे लागतात तेव्हा आणि वैशाखात, विहिरी तळाला जातात तेव्हा. जाळरेषा काढणे, हंड्याने पाणी घालणे ही कामे बायकांच्या वाट्याला येतात. बैठकांमध्ये मी पाहते, खड्डे खणणाऱ्या यंत्राचे भाडे अंदाजपत्रकात असते. बायकांच्या पाण्याला मात्र ‘श्रमदान’ म्हणतात. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. मातीच्या कामाला मजुरी हा हक्क आहे, हे आपल्या राज्याने तेव्हाच मान्य केले होते.

दुसरा प्रश्न जमिनीचा. घाटातल्या जमिनीच्या मोबदल्यावरून देवस्थान, खोत आणि कुळे यांच्यात वाद झाला, रस्ता रखडला. त्या वादात राबणारी बाई कुठे होती? पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी ‘लक्ष्मी मुक्ती’चे सरकारी परिपत्रक १९९२ मध्ये निघाले. आजही किती उताऱ्यांवर ते नाव आहे, हे आपापल्या गावात तपासून पाहा.

तेव्हा घाटात काम करू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण तीन गोष्टी विचारू. रोपांच्या पहिल्या तीन वर्षांच्या राखणीची मजुरी ठेवली आहे का? काय लावायचे, हे महिला ग्रामसभेत ठरले का? माती धरणारा वाळा, करंज, ऐन, किंजळ यांची माहिती बायकांकडेच आहे. आणि पुढे चारा-लाकूडफाट्यावर हक्क कोणाचा, हे लेखी आहे का?

उत्तरे मिळाली, तर आपण खांद्याला खांदा लावून उभ्या राहू. फुकटच्या श्रमावर उभे राहिलेले हिरवेपण मात्र आपल्याला मान्य नाही.