जुना संगणक वाचेल. पण काळ्या पडद्याचे काय?

विशेष प्रतिनिधी, नाशिक

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीची नियमित सेवा थांबविली. घरगुती ग्राहकांसाठीच्या विस्तारित सुरक्षा योजनेची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठरविण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक सुस्थितीत असूनही या अटींत बसत नाहीत. सातपूर-अंबडमधील लघुउद्योजक असो, करसल्लागार असो वा छपाई व्यावसायिक, ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत त्यांच्यापुढे नवा खर्च किंवा असुरक्षित काम असे दोनच पर्याय असल्याचे चित्र आहे.

तिसरा पर्याय लिनक्सचा आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावर समाधानकारक चालते. मात्र टॅलीवरील हिशेब किंवा श्रीलिपी आणि कोरलड्रॉवरील मराठी मजकुराची जुळणी यांसाठी विंडोज एकाएकी सोडता येत नाही. म्हणून एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली ठेवणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. बँक, ई-मेल आणि इंटरनेट लिनक्सवर करावे आणि विंडोज १० शक्यतो इंटरनेटविना फक्त जुन्या सॉफ्टवेअरपुरते वापरावे. ही विभागणी पाळली नाही, तर शेजारी लिनक्स असूनही विंडोजचा धोका कायम राहतो.

प्रत्यक्ष स्थापना आता फारशी अवघड राहिलेली नाही. माहितीची स्वतंत्र प्रत काढणे, बिटलॉकर सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की जपून ठेवणे, फास्ट स्टार्टअप बंद करणे आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करणे, एवढी पूर्वतयारी पुरेशी असते. गाडी अडते ती त्यानंतर. संगणक सुरू होतो, लिनक्सची निवड होते आणि पडदा काळा पडतो. यंत्र बिघडले, अशी वापरणाऱ्याची समजूत होते.

हा दोष बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असल्याने तेथे सहसा अडचण येत नाही. एनव्हिडियाने मात्र आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती दीर्घकाळ खुली केली नाही. त्यामुळे ‘नुवो’ हा मुक्त ड्रायव्हर बाहेरून अंदाज घेत तयार करावा लागला आणि काही कार्डांवर तो अडखळतो. उपाय साधा आहे. सुरुवातीच्या ग्रब यादीत लिनक्सची ओळ निवडून ‘ई’ कळ दाबावी, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी रोमन लिपीत ‘नोमोडसेट’ हा अखंड शब्द लिहावा आणि एफ-१० दाबावे. पडदा साध्या स्वरूपात दिसू लागतो. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. त्यामुळे लगेच एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर बसवावा. सिक्युअर बूट सुरू असेल तर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर की नोंदविण्याची सूचना येते. तेथे ‘एनरोल’ न निवडता पुढे गेल्यास ड्रायव्हर चालू होत नाही.

पुढेही अशा अडचणी येऊ शकतात. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर दोन प्रणाली असलेल्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरू होईना. त्यावरील कायमचा उपाय मे २०२५ मध्ये आला. एनव्हिडियानेही मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका असेल, असे २०२५ मध्ये जाहीर केले. गेमिंग आणि डिझाइनच्या जुन्या यंत्रांत हीच कार्डे आढळतात. अशा यंत्रावर त्यापुढची मालिका बसविल्यास काळा पडदा पुन्हा समोर येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उणीव सॉफ्टवेअरची नाही, हाताशी असलेल्या जाणकाराची आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. केरळने शाळांत लिनक्स नेले, तेव्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने संगणक साक्षरता घरोघरी नेली. पण तिचा परिचय प्रामुख्याने विंडोजशीच राहिला. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही उपलब्ध आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर नाशिकमध्येच आहे. त्याने किंवा शहरातील आयटीआयने संगणक दुरुस्ती करणाऱ्यांसाठी अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू करणे अशक्य नाही.

अन्यथा एका शब्दाने दूर होणाऱ्या दोषापायी चालते संगणक भंगारात जातील आणि त्यांची किंमत मात्र सामान्य ग्राहकाला मोजावी लागेल.