तसबीर कोणाच्या मालकीची?

वाचकहो, कॅमेरा खोटे बोलत नाही, असे आपणांस सांगण्यात येते. ते खरे मानावयाचे तर अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात, कोलंबिया शहरी, १८५० साली काढलेल्या पंधरा तसबिरींकडे एकवार नीट पाहा.

जोसेफ झीली हा त्या शहरातील धंदेवाईक छायाचित्रकार. पैसे मोजणारा गोरा गृहस्थ त्याच्यापुढे बसे तो ठेवणीतला पोशाख करून. त्याच्याच कॅमेऱ्यापुढे हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक लुई आगासी यांच्यासाठी सात गुलाम आणून उभे करण्यात आले. काँगोत जन्मलेला वृद्ध रेंटी, त्याची कन्या डीलिया, गिनीचा जॅक, त्याची कन्या ड्राना आणि आणखी तिघे पुरुष. त्यांना विवस्त्र करून समोरून व बाजूने टिपण्यात आले. गोऱ्यांची व काळ्यांची उत्पत्तीच मुळी वेगळी, हा आगासींचा सिद्धान्त. त्याला पुरावा हवा होता! जन्मावरून माणसाची प्रत ठरविणारे शास्त्र आपणांस काही नवे नाही.

परंतु डीलियाच्या तसबिरीत तिच्या कमरेशी गोळा झालेला झगा स्पष्ट दिसतो. ती वस्त्रे नेसून आली होती. ती खाली ओढावयास लावली कोणी? ज्यांना रानटी म्हणून दाखवावयाचे त्यांना आधी उघडे करावयाचे, आणि मग त्या उघडेपणालाच त्यांचा निसर्ग म्हणावयाचे, ही कसली विद्या? तसबिरींवर चिठ्ठ्या डकविल्या त्यांवर गुलामाचे नाव, मूळ मुलूख आणि मालकाचे नाव. गुरांच्या बाजारात याहून निराळे काय लिहितात?

याच्या उलट सोजर्नर ट्रुथ. ही बाई गुलामीत जन्मलेली, निरक्षर. डोक्यावर टोपी, खांद्यावर शाल, हाती विणकाम, अशी आपली तसबीर तिने स्वतः ठरवून काढविली, १८६४ साली तिचा हक्क आपल्या नावे नोंदविला आणि ती विकून आपला चरितार्थ व आपले कार्य चालविले. स्वतःच्या मुखावरील हक्क म्हणजे काय, हे तिला कोणा प्राध्यापकाने शिकविले नव्हते.

झीलीच्या तसबिरी १९७६ साली हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयाच्या माळ्यावर सापडल्या. आपण रेंटीच्या वंशज आहोत असे सांगणाऱ्या टमारा लॅनियर यांनी २०१९ साली विद्यापीठावर दावा लावला. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मनस्तापाबद्दल दाद मागण्याची वाट त्यांना मोकळी केली. तसबिरींवरील मालकी मात्र नाकारली. तसबीर ज्याची काढली त्याची ती होत नाही, म्हणे! ज्याला आपल्या देहावरही हक्क नव्हता, ज्याची संमती कोणी विचारलीच नाही, त्यालाही हाच नियम? २०२५ साली तडजोड होऊन त्या तसबिरी साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटनच्या आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयाकडे सोपविण्याचे ठरले. ते योग्यच झाले. परंतु ते झाले तडजोडीने. मालकीविषयी न्यायालयाने दिलेला निर्णय तडजोडीने पुसला गेलेला नाही.