मर्यादवेल

समुद्र आत आला की आमच्या गावात सगळे समुद्रालाच शिव्या घालतात. दर्या माजला म्हणतात. मला हे पटत नाही. दर्या पूर्वीही पावसाळ्यात दात दाखवायचाच. पण तेव्हा पुळण आणि माडांच्या मध्ये वाळूची टेकडी होती आणि टेकडीवर मर्यादवेल. नावच बघा तिचं!

वारा कोरडी वाळू उडवतो, वेल ती अडवते, तशी टेकडी वाढते. पावसाळ्यात लाटा हीच वाळू ओढून नेतात. ती समोर पाण्याखाली बांधासारखी पडते आणि तिच्यावर फुटून लाटांचा जोर मोडतो. पावसाळा सरला की शांत लाटा वाळू परत आणून टाकतात. ही उसनवारी आहे, चोरी नव्हे. आजीला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण "वेल तुडवू नका रे" एवढं ती बजावायची.

आता शनिवार-रविवारी जीपगाड्या टेकडीवरूनच खाली उतरतात. गोल गोल फिरवायच्या, व्हिडिओ काढायचे. वेल चिरडली की त्या खाचेतून वारा शिरतो, वाळू बागेत जाते आणि जुलैत त्याच वाटेने लाट येते. कासविणीची अंडी चिरडतात ती वेगळीच. कुणी "खोलीतून समुद्र दिसत नाही" म्हणून टेकडीच जेसीबीने सपाट करतो. मग बाग ढासळली की दगडी बंधारा मागायचा. बंधाऱ्यावर आपटलेली लाट पायथ्याची वाळू खरवडून नेते. म्हणजे पुळणही गेली.

कायदा नाही असं नाही. शोभेसाठी, करमणुकीसाठी वाळूच्या टेकड्यांत फेरफार करायला १९९१च्या सीआरझेड अधिसूचनेतच मनाई होती, २०११च्याही. पण कागद काय टेकडीवर उभा राहून गाडी अडवणार?

"काका, पर्यटनावरच पोट आहे ना तुमचं?" असं मला ऐकवतात. आहे ना बाबांनो, म्हणूनच बोलतोय! पुळण गेल्यावर इथे येणार कोण? गाड्या रस्त्यावरच थांबवा. खाली उतरायला एकच लाकडी वाट ठेवा. उघड्या पडलेल्या टेकडीवर वेलीची कांडं लावा, ती रुजतात. आणि हे ग्रामसभेने ठरवायचं, पाहुण्यांनी नव्हे. पाहुण्याला आपण ओटीवर बसवतो, तुळशीवृंदावनावर नाही.