दहावीचा निकाल आणि नववीचा वर्ग

दरसाल दहावीचा निकाल लागला कीं गांवोगांवच्या चौकांत फलक लागतात, पेढे वांटले जातात, आणि शाळाशाळांच्या दारांवर शेंकडेवारीचे आंकडे झळकूं लागतात. यांत वाईट असें कांहीं नाहीं. मुलानें वर्षभर कष्ट केले असतील तर त्याचें कौतुक झालेंच पाहिजे. परंतु या आंकड्यावरून जेव्हां एखादी शाळा, एखादी शिक्षणसंस्था किंवा एखादें सबंध शहर आपण सुधारलों असें मानूं लागतें, तेव्हां त्या आंकड्याची जात तपासून पाहणें प्राप्त होतें.

महाराष्ट्र राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ मध्यें शेंकडा ८९.४१ होता. २०१९ मध्यें तो ७७.१० वर आला, आणि २०२० मध्यें ९५.३० वर चढला. एका वर्षांत महाराष्ट्रांतील मुलांची बुद्धि बारा टक्क्यांनीं आटली आणि पुढच्याच वर्षीं अठरा टक्क्यांनीं फुलली, असें कोणी म्हणणार नाहीं. खरा प्रकार असा कीं, २०१९ च्या परीक्षेंत भाषाविषयांचे शाळेच्या हातीं असलेले वीस तोंडी गुण काढून टाकले होते. पुढील वर्षीं ते परत आले, आणि साथीमुळें भूगोलाचा पेपरच रद्द होऊन त्याचे गुण सरासरीनें देण्यांत आले. २०२१ मध्यें तर लेखी परीक्षाच झाली नाहीं आणि निकाल शेंकडा ९९.९५ लागला! ज्या मापाची लांबी मापणाऱ्याच्या सोयीनें बदलते, त्या मापानें कापड विकणारा दुकानदार पेठेंत किती दिवस टिकेल, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

या आंकड्यांत आणखी एक दोष आहे, आणि तो आम्हांस अधिक गंभीर वाटतो. दहावीचा निकाल परीक्षेस बसलेल्या मुलांचा असतो. जीं मुलें बसलींच नाहींत त्यांचा हिशेब त्यांत येत नाहीं. २०१० च्या १ एप्रिलपासून अमलांत आलेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. त्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणासही मागें ठेवूं नये असें ठरविलें होतें. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीस परीक्षा घेण्याची मोकळीक राज्यांस मिळाली. नववी या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर राहिली. कायद्याचें संरक्षण आठवीला संपतें आणि मंडळाची देखरेख दहावीला सुरू होते. मधली नववी ही उंबरठ्यावरची धोंड झाली आहे. कच्चा मुलगा दहावीस बसला तर शाळेचा निकाल उतरतो, म्हणून त्यास नववींतच अडवावें, किंवा पालकांस बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याचा सल्ला द्यावा, ही युक्ति शाळांच्या जगांत कोणास ठाऊक नाहीं? नववींत नापास झालेल्यांची पुन्हा परीक्षा घेण्याचा निर्णय शासनास २०१७ मध्यें घ्यावा लागला, यावरूनच रोग किती पसरला होता याची कल्पना यावी. शंभर टक्के निकालाच्या फलकाखालीं अशा किती मुलांचीं नांवें पुसलीं गेलीं आहेत, हें फलकावर लिहिलेलें नसतें.

याच प्रश्नाशीं अमेरिकेंतील शिकागो शहरानें केलेली झटापट आमच्या वाचकांनीं समजून घेण्यासारखी आहे. तेथें माध्यमिक शाळा नववी ते बारावी अशी चार वर्षांची असते, आणि शहरांतील सर्व सार्वजनिक शाळा एकाच खात्याच्या ताब्यांत असतात. शिकागो विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या एका संशोधनमंडळानें २००५ मध्यें एक साधी गोष्ट दाखवून दिली. नववीच्या अखेरीस ज्या मुलानें वरच्या वर्गांत जाण्यापुरते विषय पुरे केले असतील, आणि मुख्य विषयांत ज्याची नापाशी एका सहामाहीपलीकडे नसेल, त्यास त्यांनीं 'रुळावर असलेला' असें म्हटलें. अशा मुलांपैकीं शेंकडा ८१ चार वर्षांत शाळा पुरी करीत. रुळावरून घसरलेल्यांपैकीं अवघे शेंकडा २२. पुढील अभ्यासांत असेंही आढळलें कीं, नववींतील नापाशीचें भाकीत आठवीच्या परीक्षेंतील गुणांवरून जितकें करतां येतें, त्याच्या अनेक पटींनीं तें वर्गांतील गैरहजेरीवरून करतां येतें. हुशार समजलेलीं मुलेंही नव्या मोठ्या शाळेंत गेल्यावर पहिल्या कांहीं महिन्यांत सुटूं लागत, आणि तें कोणाच्या लक्षांत येई तोंवर वर्ष संपलेलें असे.

मग तेथें काय केलें? नवीं पुस्तकें आणलीं नाहींत कीं नवे इन्स्पेक्टर नेमले नाहींत. शाळाखात्यानें २००८ च्या सुमारास प्रत्येक शाळेस तिच्या नववींतील मुलांच्या याद्या देण्यास आरंभ केला. येणाऱ्या मुलांपैकीं कोणावर नजर ठेवावी हें वर्ष सुरू होण्यापूर्वींच कळूं लागलें, आणि वर्ष चालूं असतांना कोण किती दिवस आला नाहीं व कोणत्या विषयांत घसरतो आहे हें ठराविक मुदतीनें समोर येऊं लागलें. एकाच वर्गास शिकविणारे शिक्षक ही यादी घेऊन एकत्र बसूं लागले. एका शाळेंत कारण निघे पहाटेच्या तासाचें, दुसरीकडे एकाच शिक्षकाच्या गुण देण्याच्या पद्धतीचें, तिसरीकडे घरच्या धाकट्या भावंडांचें. एक उपाय करून पाहावा, चार आठवड्यांनीं त्याचा परिणाम मोजावा, लागू पडला तर ठेवावा, न पडला तर सोडून दुसरा धरावा, इतकेंच त्याचें शास्त्र. २००७ मध्यें रुळावर असलेल्या मुलांचें प्रमाण शेंकडा ५७ होतें. २०१३ मध्यें तें ८२ झालें.

मात्र या कथेचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. तो न सांगणें म्हणजे अर्धें सत्य सांगणें होय. २०१५ मध्यें उघडकीस आलें कीं, शिकागोंतील कित्येक शाळांनीं गळलेल्या मुलांची नोंद 'अन्यत्र गेला' अशी करून त्यांस हिशेबांतूनच वगळलें होतें. शाळाखात्यास २०१४ चा शाळा पुरी करणाऱ्यांचा आंकडा ६९.४ वरून ६६.३ वर उतरवावा लागला. सुधारणा झालीच नव्हती असें यावरून ठरत नाहीं. दुरुस्त आंकडाही पूर्वींपेक्षां पुष्कळ वर होता. पण मुलास सांवरण्यासाठीं धरलेली यादी जेव्हां वरिष्ठांस खूष करण्याचें साधन बनते, तेव्हां ती कशी नासते हें त्यावरून दिसतें. आपल्याकडे तर हा अनुभव जुनाच आहे. २०११ च्या ऑक्टोबरांत राज्यभर एकाच वेळीं पटपडताळणी झाली तेव्हां कागदावर असलेलीं आणि वर्गांत कधींच नसलेलीं मुलें किती निघालीं, हें वाचकांस आठवत असेल. पटावर शिक्षकांचीं पदें अवलंबून, म्हणून पट फुगला. निकालावर अब्रू अवलंबून, म्हणून नववी गाळली गेली. दोन्हींचें मूळ एकच.

आतां आपल्या वाढत्या शहरांकडे पाहूं. शिकागोंतील शाळांचा पट घटत आला आहे. २०१३ मध्यें त्या शहरानें सुमारें पन्नास शाळा बंद केल्या. आमच्याकडील अडचण उलट दिशेची आहे. पिंपरी-चिंचवडची वस्ती २००१ मध्यें दहा लाखांच्या घरांत होती, ती २०११ मध्यें सतरा लाखांवर गेली. पनवेलची महानगरपालिका २०१६ मध्यें जन्मास आली. पुणें महानगरपालिकेंत २०१७ मध्यें ११ आणि २०२१ मध्यें २३ गांवें समाविष्ट झालीं. गांव शहरांत येतें, त्याच्याबरोबर जिल्हा परिषदेची शाळा येते, पाण्याचा आणि रस्त्याचा प्रश्न येतो. नववीचा प्रश्न मात्र कोणाबरोबर येतो हें सांगणें कठीण आहे. पालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीशीं थांबतात. त्यापुढें मूल जातें तें बहुधा एखाद्या खाजगी संस्थेच्या अनुदानित हायस्कुलांत. तेथील देखरेख माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांची, पगार सरकारचा, कारभार संस्थाचालकांचा. आठवीच्या शाळेनें दाखला दिला कीं तिची जबाबदारी संपली, आणि नववीच्या शाळेंत नांव दाखल होईपर्यंत दुसऱ्या कोणाची ती सुरू झालेली नसते. बांधकामावर राबणाऱ्या मजुराची मुलगी, कारखान्याच्या कंत्राटी कामगाराचा मुलगा, यांचा पाय घसरतो तो नेमका या दोन पायऱ्यांमधील फटींत.

शहर वाढतें त्या वेगानें शिक्षक मिळत नाहींत, हेंही तितकेंच खरें. संचमान्यता मागील पटावरून ठरते. जेथें पट दरसाल फुगतो तेथें मान्यता नेहमींच एक पाऊल मागें राहते. त्यांत २०१२ पासून कांहीं वर्षें शिक्षकभरतीस जवळजवळ कुलूपच लागलें होतें, आणि २०१७ मध्यें निघालेल्या 'पवित्र' पद्धतीनें तें कुलूप फार सावकाश उघडलें. साठ-सत्तर मुलांच्या वर्गांत कोण आठ दिवस आला नाहीं याची विचारपूस करण्यास शिक्षकास उसंत कोठून मिळावी, हा प्रश्न कोणी केल्यास आम्ही त्यास उडवून लावणार नाहीं.

शिक्षकवर्गाचा आणखी एक आक्षेप आम्ही ऐकतों, आणि तो रास्त आहे. ते म्हणतात, आम्हांस आधींच माहिती भरण्यापासून सवड नाहीं. २०१५ मध्यें 'सरल' आलें, त्याच वर्षीं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला, पायाभूत चांचण्या आल्या, शाळांनीं स्वतःचें मूल्यमापन करण्याची 'शाळासिद्धि' आली. निवडणुकीचें काम आहेच. आणि आतां तुम्ही आणखी एक यादी सुचवितां! याचें उत्तर असें कीं, यादी नवी नको आहे. हजेरीपत्रक शाळेंत आहे, घटक चांचणीचे गुण शाळेंत आहेत. आजवर ही माहिती वर जात राहिली. वरून ती शाळेच्या उपयोगासाठीं खालीं कितीशी आली? प्रत्येक नव्या सचिवाबरोबर नव्या नांवाची मोहीम निघते, तिच्या कार्यशाळा होतात, फलक रंगतात, आणि तिचा परिणाम काय झाला हें मोजण्यापूर्वींच पुढची मोहीम येऊन ठेपते. दुकानदार दर सहा महिन्यांनीं वहीची पद्धत बदलूं लागला, तर त्यास आपला नफा-तोटा कधीं कळावयाचा?

गंमत अशी कीं, थोडें थोडें, मोजून मापून, रोज सुधारण्याची ही विद्या आमच्या शहरांस परकी नाहीं. डेमिंग नांवाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानें १९५० मध्यें जपानांत जाऊन कारखानदारांस ती सांगितली, जपान्यांनीं ती आपलीशी केली, आणि 'कायझेन' या नांवानें ती चांकण-पिंपरीच्या मोटारकारखान्यांत आली. तेथील कामगार पुर्जा बिघडला तर तो कोणत्या टप्प्यावर बिघडला हें त्याच पाळींत शोधतात. वर्षअखेरच्या तपासणीची वाट पाहत नाहींत. त्याच कामगारांचीं मुलें ज्या शाळेंत जातात, तेथें मात्र बिघाड कळतो तो मार्चानंतर. पुर्जा टाकून दुसरा करतां येतो. मुलाचें वर्ष गेलें म्हणजे गेलें.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. पालिकेच्या शिक्षणविभागानें आणि माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांनीं मिळून, आठवींतून दाखला घेऊन गेलेलें प्रत्येक मूल जुलैअखेर कोणत्या नववींत दाखल झालें हें नांवानिशीं पाहावें. 'अन्यत्र गेला' अशी नोंद, दुसऱ्या शाळेची पोंच आल्याखेरीज मान्य करूं नये. शिकागो चुकलें तें येथेंच. मुलांचे क्रमांक आतां संगणकांत आहेत, त्यामुळें हें काम पूर्वींइतकें अवघड राहिलेलें नाहीं. नववीच्या शिक्षकांस पंधरवड्यांतून एक तास मोकळा करून द्यावा, आणि त्या तासांत हजेरी व घटक चांचणी यांखेरीज दुसरा कागद समोर आणूं नये. ही पंधरवड्याची यादी शाळेबाहेर जाऊं देऊं नये. ती वर गेली कीं तिच्यावरून क्रमवारी लागेल, आणि क्रमवारी लागली कीं यादी खोटी होईल. वर जावयाचा आंकडा निराळा, आणि तो एकच असावा: अमुक सालीं नववींत इतकीं मुलें आलीं, त्यांपैकीं दोन वर्षांनीं इतकीं दहावी उत्तीर्ण झालीं. शाळेनें निकालाचा फलक लावतांना हा आंकडाही त्याच फलकावर, तेवढ्याच अक्षरांत लिहावा.

असें केल्यास पहिल्या वर्षीं कित्येक नामांकित शाळांचा आंकडा खालीं दिसेल आणि झोपडपट्टीलगतच्या एखाद्या साध्या शाळेचा वर येईल. संस्थाचालकांस तें रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु या संस्थांच्या नियामक मंडळांवर आमच्या वाचकांपैकीं अनेक व्यापारी, वकील व डॉक्टर बसतात. इमारतनिधीस देणगी देतात, बक्षिससमारंभास अध्यक्ष होतात. इमारतीच्या मजल्यांची चौकशी ते बारकाईनें करतात. दिवाळीपूर्वीं प्रथम सत्राची परीक्षा संपली कीं मंडळाची जी बैठक होते, तींत त्यांनीं मुख्याध्यापकांस एवढेंच विचारावें कीं, जूनमध्यें नववींत आलेल्या मुलांपैकीं आज वर्गांत किती आहेत, जीं नाहींत त्यांचीं नांवें काय, आणि त्यांच्या घरीं कोण जाऊन आलें.